टपोरे दाणे चाळून टपोरं वाण का होत नाही

सोयाबीनचा संकर जमलाय का आणि टपोरे दाणे पेरूनही दाणा का वाढत नाही, असं तुम्ही विचारलंय. संकर जमलाय की नाही याची चिंता सोडा. आई पांढऱ्या फुलाची, बाप जांभळ्या फुलाचा आणि एफ-१ (संकराची पहिली पिढी) जांभळा, म्हणजे जमलाच. घोळ तुमच्या पुढच्या वाक्यात आहे: ‘एफ-१ झाडांचं बी एकत्र मळलं, चाळणीवरचे टपोरे दाणे पेरले, तरी शंभर दाण्यांचं वजन जिथल्या तिथं.’ याच चुकीत माझे दोन हंगाम गेले.

दाण्याचा आकार बऱ्याच अंशी आईचं झाड ठरवतं. टरफल हा आईचाच भाग. २०२० साली चिनी संशोधकांनी दाखवलेले जीएमस्वीट-१०ए आणि १०बी हे जनुक तिथूनच आतल्या गर्भाला साखर पुरवतात. एफ-१ झाडं सगळी सारखीच, त्यामुळे चाळणीवर राहिलेला दाणा बहुतेक कमी शेंगांच्या किंवा बांधाकडेच्या झाडाचा. तुम्ही जनुक नाही, जागा निवडली.

म्हणून एफ-२ चं (एफ-१ च्या बियांपासून आलेल्या पिढीचं) प्रत्येक झाड वेगळं काढा, वेगळ्या पिशवीत मळा. पुढच्या खरिपात एका झाडाची एक ओळ, ४५ सेंमीवर, दर दहा ओळींनंतर जेएस ३३५ या वाणाची तुलनेची ओळ. निवड ओळीच्या सरासरीवर करा, एकेका दाण्यावर नको. टोकाची झाडं मोजू नका.

वजनासोबत ओलावा लिहाच. १६ टक्के ओलाव्याचे १४ ग्रॅम म्हणजे १२ टक्क्यांवर १३.४ ग्रॅमच (१४ × ८४ ÷ ८८). एका कार्यालयाच्या अहवालात ओलाव्याचा रकानाच नव्हता. विचारलं तर ‘नमुना पुन्हा भरा’. असा अहवाल काय लोणच्याला घालायचा?

कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटरचं (प्रथिनं पचू न देणाऱ्या घटकाचं) मात्र उलट. ते डाळीत, म्हणजे आईच्या नाही तर दाण्याच्या स्वतःच्या भागात असतं, म्हणून एफ-२ चा एकेक दाणा तपासता येतो. डोळ्याच्या विरुद्ध बाजूची चकती कापून तपासणीला द्या, उरलेला दाणा पेरा. इंदूरचं एनआरसी १२७ हे वाण या दोषापासून मुक्त आहे, संकरासाठी दाता म्हणून बघा.

माझं मत विचाराल तर नुसत्या टपोरेपणामागे लागू नका. टपोरं बी मळणीत लवकर फुटतं, उगवण ७० टक्क्यांखाली गेली की बियाणं म्हणून बाद. १३ टक्के ओलाव्याला ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च ठेवा. शिवाय दाणा जड झाला की तेवढ्याच रोपांना एकरी जास्त किलो बी लागतं, हे शेतकऱ्याला आधीच सांगा. (हे सगळं काळ्या, कोरडवाहू जमिनीच्या हिशेबानं, पाण्याखालच्या शेतात आकडे हलतील.)