टर्बाईन बंद, मग नदीला पाणी कुठून?

प्रश्न : कोयना धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मेंटेनन्सला बंद राहणार असं कळलं की आमच्याकडे नदीवर मोटारी असलेल्यांची धावपळ सुरू होते. टर्बाईनच फिरणार नाही तर खाली पाणी येणार कसं? (कराडहून एक वाचक)

उत्तर : येतं, आणि येण्याची वाट वेगळी असते. आधी एक गोष्ट बघा, कोयना प्रकल्प 1960 मेगावॅटचा, पण त्यातली 1920 मेगावॅट वीज पश्चिमेला कोकणात पाणी पाडून होते. तुमच्या नदीच्या वाट्याला आहे ते पायथ्याचं छोटं वीजगृह, 20 मेगावॅटची दोन युनिटं, दोन्ही फुल चालली की साधारण 2100 क्युसेक (म्हणजे सेकंदाला 2100 घनफूट) पाणी नदीत येतं. एरवी या पाण्यातून वीज होते ती बोनस समजा, खरं काम नदीला पाणी देणं. कारण पुढे कराडला कृष्णा भेटते आणि मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आणि सांगलीचं पिण्याचं पाणी असं सगळं उन्हाळ्यात बरंचसं कोयनेच्याच भरवशावर असतं.

आता दुरुस्ती. साधी वार्षिक देखभाल असेल तर एक युनिट बंद ठेवतात आणि दुसरं चालू, म्हणजे नदीला हजारभर क्युसेक मिळत राहतं. दोन्ही बंद ठेवायची वेळ आली किंवा शेतीची मागणीच जास्त असली तर धरणाच्या भिंतीत खालच्या अंगाला असलेलं नदी विमोचक उघडतात, आपल्याकडे लोक त्याला इमर्जन्सी गेट म्हणतात. टर्बाईनला वळसा घालून पाणी सरळ नदीत. वरचे सहा वक्र दरवाजे इथे कामाचे नाहीत, उन्हाळ्यात पाणी सांडव्याच्या खाली गेलेलं असतं, ते दरवाजे उघडले तरी वारा येईल फक्त.

मग अडचण कुठे? माझ्या मते अडचण अदलाबदलीच्या त्या तासाभरात आहे. टर्बाईन थांबवलं आणि मग गेट उघडायला माणसं निघाली असं झालं तर मधल्या वेळेत धरणाखाली नदी खडखडीत व्हायला लागते, लहान मासे डबक्यात अडकतात, मोटारींचे फूटव्हॉल्व उघडे पडतात. आणि मग एकदम पाणी सोडलं तर पात्रात कपडे धुणाऱ्यांना, जनावरं घेऊन उतरलेल्यांना धोका. म्हणून क्रम असा हवा की आधी गेट थोडं उघडायचं, ते पाणी पुढे सरकू द्यायचं, मग टर्बाईन टप्प्याटप्प्याने कमी करायचं, भोंगा वाजवून. चालू युनिट मध्येच ट्रिप होऊन बंद पडलं तरी हेच, गेट तयार नसेल तर नदी थांबली. तुमचं कराड धरणापासून पन्नास-साठ किलोमीटर खाली आहे त्यामुळे तासाभराचा खंड तुमच्यापर्यंत येईतो बराचसा पसरून जातो, त्याचा खरा फटका पाटणच्या वरच्या गावांना. तेव्हा चौकशी करताना नुसतं 'पाणी येणार का' असं न विचारता किती क्युसेक, कधीपासून आणि बदल कसा करणार हे विचारा.

प्रश्न : वीज न बनवता पाणी सोडलं तर ते वाया नाही का जात? शिवाय किती सोडायचं याचा काही नियम आहे का?

उत्तर : वीजवाल्यांच्या हिशोबात जातं, नदीच्या हिशोबात नाही. आकडाच घ्या, 1000 क्युसेकनं साडेअकरा दिवस सोडलं की 1 टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं आणि धरण 105 टीएमसीचं आहे. आठवडाभराच्या दुरुस्तीसाठी यावर फार रडण्यात अर्थ नाही, ते पाणी खाली पिकाला लागतंच आहे.

नियमाचं म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये नद्यांत कोरड्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 टक्के पाणी राखायला सांगितलं. गंगेसाठी केंद्रानं 2018 मध्ये वेगळी अधिसूचना काढली, तिच्यात हरिद्वारपर्यंतच्या वरच्या भागात नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के असे महिनावार टक्के ठरवून दिलेत. कृष्णा खोऱ्यासाठी असा महिनावार तक्ता झाला तर वाद निम्मे मिटतील असं मला तरी वाटतं.

प्रश्न : दुरुस्ती पावसाळ्यात का करत नाहीत, तेव्हा तर नदीला पाणीच पाणी असतं!

उत्तर : नदीच्या बाजूनं तुमचं बरोबर आहे. पण पावसाळ्यात धरण भरून वाहत असताना युनिट बंद म्हणजे फुकटची वीज सांडव्यावरून जाणार, ते कोण मान्य करेल. शिवाय दरवाजांची कामं पाणी खाली गेल्यावरच नीट होतात आणि पुराच्या वेळी सगळी माणसं दरवाजांवर लागतात.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे. आमच्याकडेही हेच होतं का?

उत्तर : तुमचं उलटं आहे. उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी दिसतं ते कोयनेचं, पोफळीच्या वीजगृहातून कोळकेवाडी धरणात आणि तिथून अलोरेच्या वीजगृहातून खाली उतरलेलं. वरचं वीजगृह बंद असलं तरी कोळकेवाडीत साठा असेतो अलोरे चालवता येतं, पण ते धरण लहान आहे. वीजनिर्मितीचा खंड लांबेल तसं वाशिष्ठीचं पाणी उतरतं, म्हणून शटडाऊनची तारीख लागली की सोसायटीच्या टाक्या आदल्या दिवशी भरून ठेवा.