स्टीमवर बरेच गेम आहेत, फिरता फिरता खेळायला स्टीम डेक घ्यावा का?

स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग पीसी. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून गेम आधीच घेतलेले असतील तर बिनधास्त घ्या. तेच गेम पुन्हा पैसे न मोजता हातात येतात, माझ्या मते खरी किंमत तिथेच वसूल होते. फक्त तुमच्या आवडत्या गेमच्या पानावर ‘डेक व्हेरिफाइड’ (म्हणजे डेकवर नीट चालतो हे तपासलेलं) लिहिलंय का ते आधी बघा. डेक विंडोजवर नाही, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, त्यामुळे व्हॅलोरंट, फोर्टनाइट त्यावर थेट चालत नाहीत. मित्रांसोबत रोज तेच खेळत असाल तर घेऊच नका.

डेकचं ओएलईडी स्क्रीनचं मॉडेल ६४० ग्रॅमचं आहे. लोकलमध्ये उभ्याने धरलं की मनगटं भरून येतात. अंथरुणात, उशीवर टेकवून मात्र झकास. जड गेमला बॅटरी दोन-तीन तासांत उतरते. भारतात बहुतेक माल बाहेरून आणलेला असतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या.