मशीनवरचा आकडा आणि खात्यातली रक्कम

प्रश्न : गंजगोलाईत माझं कापडाचं दुकान आहे. शनिवारी कार्ड घासायच्या मशीनच्या रिपोर्टवर एकूण ६४,००० रुपये होते, खात्यात ५९,७२१ रुपये २० पैसे आले. मुलगा म्हणतो, कमिशन कापलं. एवढं कमिशन असतं का? (कापड व्यापारी, लातूर)

उत्तर : नसतं. आपण पाठवलेल्या रिपोर्टवरून पैसा न् पैसा जुळतो, म्हणून सविस्तर लिहितो. २०,००० रुपये गिऱ्हाइकांच्या बँक खात्यांतून यूपीआयने आले आणि ४,००० रुपे डेबिट कार्डांवर. या दोन्हींवरचं शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांचे १०,००० आहेत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असलेल्या दुकानाला मशीनवरच्या डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने ०.९० टक्के ही कमाल मर्यादा घातली आहे. त्याचे ९० रुपये. (२० लाखांपर्यंतच्या दुकानाला ती ०.४० टक्के आहे. आपली उलाढाल बँकेत बरोबर नोंदली आहे का, हे लहान दुकानदारांनी जरूर पाहावं.) क्रेडिट कार्डाचे ३०,००० उरले. तिथे अशी मर्यादा नाही, करारात ठरेल तो दर. आपला १.९ टक्के, म्हणजे ५७० रुपये. एकूण शुल्क ६६०, त्यावर १८ टक्के जीएसटी ११८ रुपये ८० पैसे. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या शुल्कावर बँकेने जीएसटी लावायचा नसतो. आपली त्या दिवशीची कार्डावरची सगळी बिलं मोठी होती.

कमिशन झालं ७७८ रुपये ८० पैसे. बाकीचे ३,५०० म्हणजे आदल्या आठवड्यात परत घेतलेली साडी. रिफंड मशीनवरून दिला की तो पुढच्या जमेतून वळता होतो, आणि मूळ विक्रीवर कापलेलं कमिशन बहुधा परत मिळत नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या दिवाणजींनी रोजकीर्दीत ५९,७२१ रुपये विक्री म्हणून लिहिले आहेत. तसं करू नका. विक्री ६४,००० च लिहायची. साडी परत आली त्याची क्रेडिट नोट वेगळी आणि कमिशन खर्चात. मधे ‘कार्ड येणे’ असं एक खातं उघडा. ओळखीच्या गिऱ्हाइकाची उधारी जशी नावावर मांडता, तशी ही बँकेकडची एक-दोन दिवसांची उधारी. पैसे आले की ते खातं कमी करायचं. महिनाअखेर त्यात जी शिल्लक दिसेल, तेवढ्याचाच शोध घ्यावा लागतो. आपण नियमित जीएसटीत असाल तर बँकेकडून कर बीजक मागून ११८ रुपये ८० पैशांचं क्रेडिट घ्या, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतील. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर ते मिळणार नाही.

प्रश्न : पैठणहून ऑनलाइन पैठणी विकते. पेमेंट कंपनीच्या खात्यात शिल्लक ५२,००० दिसते, पण काढता येणारी रक्कम फक्त ९,०००. माझे पैसे ती कंपनी वापरते का? (पैठणी विक्रेती, पैठण)

उत्तर : ताई, वापरता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कंपनीला व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय हात लावता येत नाही अशा खात्यात, ठेवावे लागतात. शिल्लक आणि काढता येणारी रक्कम यांतला फरक बहुधा तीन कारणांनी पडतो : विक्री ताजी असते, एखाद्या गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केलेली असते, किंवा कंपनीने जोखमीपोटी काही रक्कम राखलेली असते. आपण लिहिता की एरवी दीड-दोन हजारांचे दुपट्टे जातात आणि या आठवड्यात ४३,००० ची एक पैठणी गेली. आकडाही नेमका तेवढाच अडकलाय. नेहमीपेक्षा खूप मोठा व्यवहार दिसला की तपासणीसाठी तो थांबवतात. वाट बघत बसू नका. बिल, कुरिअरची पावती, पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेला संवाद आजच पाठवा. तक्रार आली असेल तर उत्तराला मुदत असते. ती चुकली तर माल पोचूनही पैसे जातात. मोठा सौदा ठरला की कंपनीला आधीच कळवण्याची सवय ठेवा.

प्रश्न : पेरणीच्या गर्दीत एका शेतकऱ्याचं कार्ड घासलं आणि नेमकी रेंज गेली. स्लिप निघाली नाही, पण त्याला ७,४०० कापल्याचा मेसेज आला. तो बियाण्याच्या बॅगा मागतोय. (कृषी सेवा केंद्र, परभणी जिल्हा)

उत्तर : आधी मशीनचा तपशीलवार रिपोर्ट काढा. त्यात व्यवहार यशस्वी दिसला तर पैसे आपलेच. बॅगा देऊन टाका. नसेल तर ते पैसे आपल्याकडे येणार नाहीत, त्याच्या खात्यात परत जातील. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ही रक्कम आपोआप परत व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हे त्याला कागदावर लिहून द्या, तारीख, वेळ आणि मशीनचा क्रमांक घालून, कारण तक्रार त्याने कार्ड देणाऱ्या त्याच्या बँकेत करायची आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

राहिल्या बॅगा. ओल असताना पाच दिवस थांब म्हणणं म्हणजे त्याची पेरणी घालवणं. माणूस ओळखीचा असेल तर माझं मत : बॅगा उधारीवर द्या, पैसे परत आले की घ्या. तिथल्या तिथे दुसऱ्यांदा कार्ड घासायला मात्र लावू नका.

प्रश्न : डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाकडून दोन टक्के जास्त घेतले तर चालतं का? (मोबाइल दुकानदार, जालना)

उत्तर : नाही. शुल्क गिऱ्हाइकावर टाकायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं आहे. क्रेडिट कार्डाचं काय, ते आपल्या करारात वाचा.

प्रश्न : नवरात्रात चार दिवस कार्डाने विक्री झाली, एक रुपया जमा नाही. यूपीआयचे मात्र आले. (पूजा साहित्य विक्रेते, तुळजापूर)

उत्तर : यूपीआयचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, म्हणून ते आले. कार्डांची बॅच, म्हणजे दिवसभराच्या कार्ड व्यवहारांची यादी, बहुधा बँकेला गेलीच नसावी. पुष्कळ मशीन रात्री स्वतः बॅच पाठवतात. पण मशीन बंद असलं, चार्जिंग नसलं किंवा रेंज नसली तर ती तशीच पडून राहते आणि बँकेला विक्रीचा पत्ताच नसतो. मेनूत ‘सेटलमेंट’ निवडा, निघेल ती स्लिप जपून ठेवा. बॅच गेली तर एक-दोन कामाच्या दिवसांत पैसे येतील. चूक झाल्याचा संदेश आला तर मशीनमधले व्यवहार पुसू देऊ नका, तंत्रज्ञालासुद्धा नाही. आधी चारही दिवसांचा रिपोर्ट छापून घ्या आणि मग बँकेला फोन लावा.