पिसं उपटलेल्या पोपटाची कातडी हिरवी-पिवळी का दिसते?

तुम्ही लिहिलंय, तुमच्या आफ्रिकन ग्रे पोपटाने पोटावरची पिसं उपटलीत, खालची कातडी पिवळट दिसतेय, मांडीजवळ हिरवा डाग आहे, आणि तुम्हाला काविळीची शंका येतेय.

पोपटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते, त्यामुळे दिसतो तो बरेचदा आतला रंग. स्नायूंवर ती गडद लाल दिसते, चरबीवर पिवळी. छातीचं मधलं हाड चाचपून बघा. ते मांसात बुडाल्यासारखं लागलं, तर पिवळेपणा बहुधा सूर्यफुलाच्या बिया खाऊन साठलेल्या चरबीचा! आणि हो, घरात कुणी हळद किंवा बेटाडीन लावलंय का? हसू नका, आधी हेच विचारा.

हिरव्या डागाला मीही फसलो होतो. आमचा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) रात्री अंधारात घाबरून पिंजऱ्यात धडपडला. तिसऱ्या दिवशी पंखाखाली पोपटी रंगाचा चट्टा! मला वाटलं, कातडी सडली. पण तो मुका मार होता. रक्त साकळून विरताना आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य तयार होतं. आपल्या शरीरात त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. पक्ष्यांकडे त्यासाठी लागणारं एन्झाइमच नाही. म्हणून त्यांचा मार हिरवा दिसतो, आणि म्हणूनच त्यांना आपल्यासारखी कावीळ सहसा दिसत नाही. यकृताची शंका असेल तर कातडीपेक्षा विष्ठा बघा: तिच्यातला पांढरा भाग हिरवा झाला असेल, तर डॉक्टर गाठा. जस्त चढवलेल्या तारेचा पिंजरा असेल तर तेही सांगा, जस्ताची विषबाधा होते.

वर्षानुवर्षं उपटलेली कातडी जाड नि काळपट होते, ते वेगळं. लाल, ओलसर, पुटकुळ्या आलेली असेल तर संसर्ग. निळसर पडली आणि श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, तर त्याच तासाला निघा.

डोक्याची पिसं शाबूत आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. एकटाच राहणाऱ्या पक्ष्याची तिथलीही पिसं गेली असतील तर ते नुसतं उपटणं नव्हे. सर्कोव्हायरसची, म्हणजे पिसं-चोचीचा रोग करणाऱ्या विषाणूची, तपासणी करून घ्या.

डागाचा फोटो रोज एकाच खिडकीच्या उजेडात काढा. खोबरेल मात्र लावू नका, उरलीसुरली पिसं चिकटतात आणि तो ती आणखी कुरतडत बसतो.