समाजशास्त्र घे, पण संख्याशास्त्र सोडू नकोस

तुझं पत्र मिळालं. बारावी झाली, विषमतेवर काम करायचंय, पण अर्थशास्त्र की समाजशास्त्र हे ठरत नाही. त्यात बाबांनी सुनावलंय, ‘देश पुढारला की दरी आपोआप मिटते, त्याचा अभ्यास कसला करायचा?’

बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. औद्योगिकीकरणात विषमता आधी वाढते, मग उतरते, असा तर्क अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये मांडला. पण त्यांच्या हाताशी मुख्यतः अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीचे आकडे होते, आणि निबंधात माहिती ५ टक्के, अंदाज ९५ टक्के, अशी कबुली त्यांनीच देऊन ठेवली होती. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त चढून उतरणारा आलेख! १९८० नंतर अमेरिका-ब्रिटनमध्येच दरी पुन्हा रुंदावली.

मोजणीतही मेख आहे. विषमता मोजायचा नेहमीचा आकडा म्हणजे गिनी गुणांक: ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाच घरात. पण आकडे आणायचे कुठून? औद्योगिक देशांत कराच्या नोंदी मिळतात. विकसनशील देशांत बहुतेक लोक आयकराच्या बाहेर. रोजंदारीवर जाणाऱ्याला ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ विचारलं तर तो काय सांगणार? काम मिळेल तो दिवस आपला. म्हणून अनेक ठिकाणी विचारतात, गेल्या ३० दिवसांत धान्याला किती गेले, तेलाला किती, औषधाला किती. पण श्रीमंत माणूस कमाईतलं बरंचसं शिल्लक टाकतो, त्यामुळे खर्चावरून काढलेली विषमता सहसा कमी दिसते. दोन देशांचे गिनी शेजारी मांडलेले दिसले की मी आधी तळटीप वाचतो, मोजलंय ते उत्पन्न की खर्च हे बघायला.

आता तुझं. घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलगी तुझ्याइतकीच हुशार असून दहावीनंतर का थांबली, असं तू जाता जाता विचारलंयस. तुझा खरा प्रश्न हाच दिसतो. तो नुसत्या पैशाचा नाही. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगवेगळी धरली ती यासाठीच. आई-वडिलांचा व्यवसाय आणि मुलांचा व्यवसाय यांचे तक्ते मांडून कोण वर सरकलं, कोण तिथेच राहिलं हे बघणं, हे समाजशास्त्राचं काम.

नोकऱ्या संशोधन संस्थांत, सर्वेक्षणांत, सामाजिक योजनांच्या मूल्यमापनात असतात. बहुतेक ठिकाणी एमए लागतं आणि सुरुवातीचा पगार बेताचाच, हे बाबांना आत्ताच सांगून टाक. प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून बघ. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर नसतील, तर ते कॉलेज यादीतून काढ.