२०० तासांचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आहे. एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणून निवड कशी होते? टाइप रेटिंग (एका ठरावीक विमान-प्रकाराची पात्रता) आधीच करून ठेवू का? आणि सुरुवातीचे महिने कसे असतात?

टाइप रेटिंगचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच बुडतो. लेखी ऑफर हातात नसेल तर करू नका. एअरबस ए३२०चं एंडॉर्समेंट (परवान्यावर रेटिंगची नोंद) घेऊन बसलात आणि पुढची भरती एटीआरवाल्या किंवा बोइंगवाल्या कंपनीची निघाली, तर ते कागदावरच राहतं. शिवाय सिम्युलेटरमध्ये शिकलेलं चार-सहा महिन्यांत विसरायला होतं, आणि चेक परत द्यायचा तर सिम्युलेटरचं भाडंही परत तुमच्याच खिशातून जातं. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा रेटिंग आणि हजारो तास दोन्ही असलेले वैमानिक एकदम बाजारात आले. अशा वेळी शून्य तासांच्या रेटिंगकडे कोण बघणार? आणि "अमुक लाख द्या, नोकरी पक्की" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करा.

तो पैसा तयार राहण्यावर घाला. क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) चालू हवं. मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उपकरणांवरून उडवण्याच्या पात्रतेचा) चेक लॅप्स होऊ देऊ नका. भरती अचानक निघते आणि अर्जाच्या दिवशी कागद चालू लागतात. एफआरटीओएल (विमानातला रेडिओ वापरण्याचा परवाना), इंग्रजी प्रावीण्याचा दाखला आणि पासपोर्ट एका फाइलीत ठेवा. लॉगबुक (उड्डाणांच्या तासांची वही) गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलचं असो, बारामतीचं असो की परदेशातलं, प्रत्येक पानाखालच्या बेरजा पुन्हा करा. पीआयसी (स्वतः कमांडमध्ये उडवलेले), रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे आणि क्रॉस-कंट्रीचे आकडे अर्जातल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. अर्ध्या तासाची तफावत असली तरी मुलाखतीत पहिली पाच मिनिटं त्याच खुलाशात जातात.

निवडीचे टप्पे कंपनीगणिक थोडे बदलतात, पण साधारण क्रम असा: लेखी परीक्षा, कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड आणि मानसशास्त्रीय चाचणी, कुठे गटकार्य, मग मुलाखत आणि सिम्युलेटर. लेखीत नेव्हिगेशन, मेट (हवामानशास्त्र) आणि टेक्निकल असतं; डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षेसाठी प्रश्नपेढी घोकून पास झालेले इथे गळतात. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये एका हातानं जॉयस्टिकवर टिंब मध्यभागी धरायचं आणि त्याच वेळी बेरजा-वजाबाक्या सोडवायच्या, असला प्रकार असतो. ते सरावानं सुधारतं.

मुलाखतीत मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) समोर ठेवतात. समजा मुंबईचा आहे: वारा २७० अंशांवरून १५ नॉट, झोत २५ पर्यंत, दृश्यता ३००० मीटर, गडगडाटासह पाऊस. रनवे २७ वर (म्हणजे २७० अंशांकडे तोंड करून) उतरणार का? नुसतं "हो" किंवा "नाही" त्यांना नको असतं. वारा जवळपास सरळ नाकावर आहे, म्हणजे क्रॉसविंडची (आडव्या वाऱ्याची) अडचण नाही. खरी काळजी विंडशिअर (वाऱ्यात अचानक होणारा बदल), ओली धावपट्टी आणि होल्डिंगसाठी (हवेत घिरट्या घालत थांबण्यासाठी) इंधन किती आहे याची. शिवाय अल्टरनेटवर (पर्यायी विमानतळावर) तोच ढग बसला असेल तर काय? असं मोठ्यानं विचार करत बोलता आलं पाहिजे.

सिम्युलेटरमध्ये तुम्ही एअरबस किती सफाईनं उडवता हे कोणी बघत नाही. चूक लवकर दिसते का आणि सांगितलेलं पुढच्या फेरीत सुधारतं का, हे बघतात. ब्रीफिंगमध्ये पिच (नाकाचा कोन) आणि थ्रस्टचे (इंजिनाच्या जोराचे) आकडे देतात, ते तिथल्या तिथे पाठ करा. दोन हिशेब हाताशी असू द्या. तीन अंशांच्या ग्लाइडवर (उतरण्याच्या उतारावर) मिनिटाला किती फूट खाली यायचं, ते म्हणजे नॉटमधल्या ग्राउंड स्पीडच्या (जमिनीच्या सापेक्ष वेगाच्या) पाचपट. १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. आणि लेव्हल-ऑफ (ठरलेल्या उंचीवर सरळ होणं) व्हर्टिकल स्पीडच्या (चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या) दहा टक्के फूट आधी सुरू करायचा. मिनिटाला १५०० फुटांनी चढत असाल तर १५० फूट आधी.

निवड झाली की ग्राउंड स्कूल, सीआरएम (कॉकपिटमधला समन्वय), डेंजरस गुड्स (धोकादायक माल), आणीबाणीचं प्रशिक्षण, मग जोडीनं सिम्युलेटर. जोडीदाराशी पटवून घ्या. एक सेशन साधारण चार तासांचं, त्यातले दोन तास तो उडवतो आणि तुम्ही मॉनिटर करता. सेसनावरून (छोट्या प्रशिक्षण विमानावरून) आलेल्यांच्या दोन सवयी नडतात. पहिली, साइडस्टिक (बाजूची नियंत्रण-दांडी) ढवळत बसणं. एअरबसला नाक ठेवलं तिथे ती स्वतः धरून ठेवते, ट्रिमही (दांडीवरचा जोर घालवणारी जुळवणी) स्वतः करते. तुम्ही सोडायला शिकायचं. दुसरी, कानानं आणि हातानं थ्रस्ट ओळखणं. ऑटोथ्रस्टमध्ये लिव्हर हलतच नाहीत, म्हणून एफएमए (स्क्रीनवरची, चालू मोड दाखवणारी पट्टी) वाचायचा आणि मोठ्यानं बोलायचा: "मॅन फ्लेक्स, एसआरएस, रनवे, ऑटोथ्रस्ट ब्लू". ही पोपटपंची वाटते खरी, पण विमान काय करतंय हे सांगणारी जागा तीच आहे.

मग रिकाम्या विमानावर बेस ट्रेनिंग. फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित वर घेणं) साधारण ३० फुटांवर. तिथे विमान स्वतःहून नाक हळूहळू खाली घ्यायला लागतं, म्हणून बेतानं मागे ओढावं लागतं. "रिटार्ड" (थ्रस्ट लिव्हर मागे घ्या, ही विमानाची सूचना) २० फुटांवर ऐकू येतं. त्याची वाट बघून फ्लेअर केला तर उशीर झालेला असतो. नजर नाकाखाली ठेवली की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात झटका देतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या.

एंडॉर्समेंट आलं की प्रवाशांसह प्रशिक्षक कॅप्टनबरोबर सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. सुरुवातीच्या उड्डाणांत मागे तिसरा वैमानिक सेफ्टी पायलट म्हणून बसतो. इथे उडवण्यापेक्षा वेग मारतो: क्लिअरन्स, चेकलिस्ट, केबिनचा फोन, सगळं एकदम येतं. फ्लोज (कॉकपिटमधल्या कामांचे ठरलेले क्रम) घरी खुर्चीत बसून, कॉकपिटचं पोस्टर भिंतीला लावून पाठ करा. आणि गप्प राहू नका. अ‍ॅप्रोच १००० फुटांवर स्थिर नसेल तर समोर कितीही मोठा कॅप्टन असो, "अनस्टेबल" म्हणायचं. नव्या मुलांचा रिलीज (प्रशिक्षकाशिवाय उडण्याची मंजुरी) लांबतो तो बहुतेकदा अशा गप्प बसण्यामुळे, लँडिंगमुळे कमी.

पावसाळ्यात रुजू झालात तर तुमच्या वाट्याला टेक-ऑफ-लँडिंग कमी येतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, नियमच तसे आहेत.

बाँड सही करण्याआधी पूर्ण वाचा: किती वर्षं, मध्ये सोडलं तर किती रक्कम, रिलीज झाला नाही तर काय. शिवाय डीजीसीएच्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रोस्टर लागल्यापासून अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि तसली खोकल्याची औषधं घरातून हद्दपार करा. उड्डाणापूर्वीच्या ब्रेथ अ‍ॅनलायझरवर आकडा शून्यच यावा लागतो, "साहेब, माउथवॉश होता" हे कारण चालत नाही.