निविदा उघडल्यावर अट बदलली, आता काय?

प्रश्न : माझा शाळेची बाकं बनवण्याचा छोटा कारखाना आहे, उद्यम (लघुउद्योग) नोंदणीही आहे. आमच्या महापालिकेने (मुंबई नव्हे) बाकांची ई-निविदा काढली. अंदाजित किंमत ९० लाख, वार्षिक उलाढालीची अट ५० लाख. तांत्रिक लिफाफ्यात मी पात्र ठरलो. मग पोर्टलवर शुद्धिपत्रक आलं : महासभेने नवं खरेदी धोरण मंजूर केलंय, उलाढाल २ कोटी हवी. मला अपात्र ठरवलं. दरांचा लिफाफा अजून उघडायचाय. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल. पण कोर्टातून नेमकं काय हवंय, ते आधी ठरवा.

खरेदीचे नियम बदलण्याचा महापालिकेला अधिकार आहे, त्यावर भांडू नका. तुमची तक्रार एवढीच ठेवा की मागाहून झालेला ठराव चालू निविदेला लावला. उल्हासनगर महापालिकेच्या जकात वसुलीच्या ठेक्यात असंच झालं होतं. स्पर्धक मैदानात उतरल्यावर पात्रतेची एक अट वगळली गेली. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलण्यासारखं हे आहे, अट बदलायची तर नव्याने निविदा काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं. तिथे अट वगळली, तुमच्याकडे वाढवली, तत्त्व तेच.

आता गोम इथेच आहे. या मुद्द्यावर जिंकलात तर बहुधा फेरनिविदेचा आदेश मिळेल, आणि फेरनिविदेत २ कोटींची अट पहिल्या दिवसापासून असेल. म्हणजे खटला तुमचा, ऑर्डर दुसऱ्याची. म्हणून खुद्द अटीलाही आव्हान द्यावं लागेल, आणि ते कठीण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर खटल्यातल्या निकालापासून (१९९४) न्यायालयं निविदेच्या अटी ठरवणं खरेदीदारावरच सोडतात. मनमानी किंवा कुणा एकासाठी बेतलेली अट दिसली तरच हात घालतात. ९० लाखांच्या खरेदीला २ कोटी कशाला, हे महापालिकेला सांगू द्या. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकात बांधकामांसाठी सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के धरली आहे. त्या हिशेबाने २७ लाख होतात. ते परिपत्रक तुमच्या महापालिकेला बंधनकारक नाही, पण तुलनेला उपयोगी आहे. शुद्धिपत्रकानंतर रिंगणात किती जण उरले तेही पाहा. एकच उरला असेल तर माझ्या मते तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

उद्यम प्रमाणपत्रावर फार भिस्त ठेवू नका. केंद्राचा २०१२ चा लघुउद्योग खरेदी आदेश केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. राज्याच्या खरेदी नियमपुस्तिकेत आणि तुमच्या निविदेत काय सवलत दिली आहे, ते वाचा.

आजच आयुक्तांना लेखी हरकत द्या, दरांचा लिफाफा तूर्त उघडू नये अशी मागणी करा आणि आवक शिक्का घ्या. मूळ अटी, पात्रतेचा निकाल आणि शुद्धिपत्रक तारखेसह उतरवून ठेवा. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा, पण ३० दिवस उत्तराची वाट पाहत बसू नका. दिवाणी दाव्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली महिन्याची नोटीस लागते. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेला ती लागत नाही. कार्यादेश निघून पुरवठा सुरू झाला की न्यायालय थांबवायला नाखूश असतं, तेव्हा वकील याच आठवड्यात गाठा. सुधारित अटींवर सही मागितली तर ‘हरकत राखून’ असं लिहूनच करा.